मालकीच्या रानाचा नकाशा: उपग्रह, मोबाइल आणि हद्दीचा दगड

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कोकणातले डोंगर हिरवे दिसतात. त्यातले बरेचसे रान वनखात्याचे नाही, सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसांचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारी जंगल फारच थोडे. म्हणजे हे रान राहील की जाईल, याचा निर्णय शेवटी कुणाच्या तरी ओटीवर होतो. मी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या सामाईक रानाचा नकाशा करायला घेतला, मग नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या रानांचे नकाशे करत गेलो. लोक भेटले की जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत.

रान जागच्या जागीच आहे. त्याला नकाशा कशाला?

कारण आपल्याकडे बहुतेक रान न बघता विकले जाते. व्यापारी येतो, डोंगराकडे हात करून एक आकडा सांगतो, मुंबईला फोन होतो आणि उक्ता व्यवहार ठरतो. झाडे मोजायची नाहीत, जात बघायची नाही, सगळे सरसकट. त्या डोंगरात किंजळ किती, ऐन किती, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला काय उभे आहे, हे मालकाला ठाऊक नसते. व्यापाऱ्याला ठाऊक असते, कारण त्याचा माणूस आधीच फिरून गेलेला असतो.

आमच्या घरी हेच झाले. पणजोबांच्या काळापासून राखलेला एक तुकडा असाच उक्ता गेला. विकणाऱ्यांपैकी एकानेही तो वीस वर्षांत पाहिला नव्हता. तोडीनंतर मी गेलो, तेव्हा बेहड्याच्या एका बुंध्यावर चार माणसे मांडी घालून बसली असती. ते झाड तिथे होते, हे आम्हांला ते गेल्यावर कळले. त्या दिवसापासून मी नकाशे करतो.

नकाशा केला की रान वाचतेच असे मी म्हणणार नाही. पण जे पाहिलेले असते, मोजलेले असते, ते एका फोनवर इतक्या सहज देऊन टाकवत नाही.

मोबाइल पुरतो, की वेगळे यंत्र घ्यावे?

सुरुवातीला मोबाइलच वापरा. फोनमधली चिप आता अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ असे अनेक उपग्रहसमूह एकाच वेळी ऐकते. काही फोन आपले नाविकही ऐकतात. दोन वेगवेगळ्या लहरींवर काम करणारा फोन असेल तर झाडीत थोडा फायदा होतो. हातात धरायचे वेगळे यंत्र पावसात टिकते, बॅटरी जास्त चालते, पडले तरी फुटत नाही. वर्षभर रानात काम करणाऱ्याने ते जरूर घ्यावे. हौशी मालकाने त्या पैशांत रानात फिरायला सोबत म्हणून गावातला एक जाणता माणूस चार दिवस मजुरीवर घ्यावा. झाडांची नावे यंत्र सांगत नाही.

आमच्या रानात रेंज नसते. मग जीपीएस चालेल का?

चालेल. उपग्रहाला मोबाइल टॉवर लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचे चित्र उतरवायला, म्हणून ते घरूनच ऑफलाइन उतरवून न्यायचे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रेंज असताना फोन उपग्रहांच्या जागांची माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो. रेंज नसेल तर ती उपग्रहाकडूनच हळूहळू ऐकावी लागते, आणि जीपीएसचा पूर्ण संदेश एकदा यायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून रानात शिरण्याआधी उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जीपीएस चालू करून पंधरा मिनिटे थांबा, मग आत जा. खूप जण थेट झाडीत जाऊन फोन उघडतात, ठिपका भलतीकडे दिसतो आणि 'हे काही खरे नाही' म्हणून परत येतात.

चूक किती असते? खरे सांगा.

उघड्या आकाशाखाली चांगल्या फोनला साधारण पाच मीटर. दाट रानात, घळीत, कड्याखाली दहा-पंधरा मीटर सहज, कधी त्याहूनही जास्त. मे २००० पर्यंत अमेरिकेने सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक घातलेली असायची, तेव्हा हा आकडा शंभर मीटरच्या घरात होता. त्या मानाने आज आपल्या हातात बरेच काही आहे.

झाडीत चूक का वाढते, ते समजून घेतले तर कमी करता येते. संदेश सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येतो आणि अतिशय क्षीण असतो. पानांच्या थरातून येताना तो आणखी मलूल होतो. पाने ओली असली तर फारच. काही लहरी कड्याला किंवा जाड खोडाला आपटून वळसा घेऊन पोहोचतात, त्यामुळे फोनला उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो.

यावर आमचा अनुभव असा. मार्च-एप्रिलमध्ये, ऐन आणि इतर पानझडी झाडे उघडी पडलेली असताना सकाळी लवकर जावे. जिथे बिंदू घ्यायचा तिथे फोन छातीशी न धरता डोक्याच्या उंचीवर धरून तीन-चार मिनिटे स्थिर उभे राहावे. सरासरी काढून देणारे ॲप असेल तर ते वापरावे. आणि महत्त्वाचे कोपरे वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा घ्यावेत. पावसाळ्यात हद्द मोजायला जाऊ नये.

चुकीचा क्षेत्रफळावर काय परिणाम होतो, ते एकदा कागदावर करून बघा. २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद, म्हणजे बरोबर २ हेक्टरचा तुकडा घ्या. चारही बाजूंना फक्त ५ मीटर बाहेरून चाललात तर तो २१० गुणिले ११० होतो. ३१ आर जास्त (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर)! प्रत्यक्षात चुका काही आत, काही बाहेर अशा पडतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. पण काटेरी जाळ्या टाळण्यासाठी तुम्ही सगळीकडे बाहेरूनच फिरलात, तर त्या खाल्ल्या जात नाहीत.

मग फोनवरच्या नकाशाने हद्द ठरवता येईल का?

नाही. एवढी एकच गोष्ट या पानावरून लक्षात ठेवलीत तरी चालेल.

आपली जुनी मोजणी ३३ फुटी शंकू साखळीने झालेली आहे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असा तो सरळ हिशोब. ३३ फूट म्हणजे साधारण १० मीटर. म्हणजे तुमचा फोन उघड्यावरसुद्धा अर्धी साखळी चुकतो आणि रानात साखळी-दीड साखळी. एवढ्या चुकीच्या आधारावर शेजाऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, सरकवायला जाऊ नये. ओळखीच्या एका गावात एका तरुणाने फोनमधली पिवळी रेघ दाखवून शेजाऱ्याचे आंजणाचे झाड तोडले. झाड गेले आणि दोन घरांचे बोलणे गेले, आणि मोजणी आली तेव्हा रेघ चुकलेली निघाली.

हद्दीवर खरोखर वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करा, शेजारी खातेदारांना रीतसर नोटीस जाऊ द्या आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात घ्या. अलीकडे ही मोजणी उपग्रहांचे संदेश घेणाऱ्या रोव्हर नावाच्या यंत्राने होते. तो सेंटिमीटरच्या हिशोबात काम करतो, कारण त्याला कायमस्वरूपी केंद्रांकडून सतत दुरुस्ती मिळत असते. दाट झाडीखाली रोव्हरही अडखळतो, म्हणून भूकरमापक येण्याआधी कोपऱ्यांवरची झुडपे साफ करून ठेवा आणि मोजणी झाली की कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मागून घ्या.

फोनचे काम वेगळे आहे. जुने हद्दीचे दगड शोधायला तो फार उपयोगी पडतो. अंदाजे जागेपर्यंत फोनने जायचे, मग कोयत्याने वेली बाजूला करून जांभा दगडाचा खांब, गडग्याचे टोक, जुन्या कागदात लिहिलेले झाड शोधायचे. सापडले की फोटो काढायचा, बिंदू टिपायचा, चुन्याचा हात मारायचा. शक्य तर शेजाऱ्याला बरोबर घेऊनच फिरा. दोघांनी मिळून पाहिलेला दगड पुढच्या पिढीत भांडण होऊ देत नाही.

सातबाऱ्यावर २ हेक्टर आहे, ॲप १.७ दाखवते. जमीन कोणी खाल्ली?

बहुधा कोणीच नाही. वर सांगितलेली फोनची चूक आहेच. दुसरे कारण पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन: सातबाऱ्यावर तो वेगळा दाखवलेला असतो आणि लोक कधी धरतात, कधी सोडतात. तिसरे, सामाईक गटात तुमचा हिस्सा कागदावर असतो, पण जमिनीवर फाळणी झालेलीच नसते. तुम्ही वहिवाटीचा तुकडा फिरलेला असता, हिश्शाचा नाही.

उलटही होते. टेपने डोंगर मोजला तर क्षेत्र जास्त भरते, कारण टेप उतारावर टाकलेला असतो आणि सातबाऱ्याचे क्षेत्र सपाट धरलेले असते. ३० अंशांच्या उतारावर १०० मीटर टेप म्हणजे सपाटीवर साडेशहाऐंशी मीटर. ॲप मात्र वरून बघितल्यासारखे सपाट क्षेत्रच देते.

गटाचा नकाशा उपग्रहचित्रावर कसा बसवायचा?

सरकारच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गटाचा आकार बघायला मिळतो. आकारासाठी तो चांगला आहे, नेमक्या जागेसाठी त्यावर विसंबू नका. भूमी अभिलेख कार्यालयातून गटबुकाची किंवा फाळणीची नक्कल मिळवा आणि सपाट ठेवून स्कॅन करा. मग संगणकावर क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात नकाशावरचा एकेक ठळक बिंदू आणि उपग्रहचित्रावरचा तोच बिंदू अशा जोड्या जुळवायच्या असतात. तीन रस्त्यांचे तिठे, पऱ्यांचा संगम, विहीर, देवळाचा कोपरा, तीन गटांच्या बांधांचे मिळण असे बिंदू घ्या. चार पुरतात, सहा-सात घेतले तर चूक लगेच दिसते.

पऱ्या पात्र बदलतो, हे विसरू नका. शंभर वर्षांपूर्वी मोजलेला काठ आज तिथे नसेल. मी बांधांच्या मिळणीवर जास्त विश्वास ठेवतो.

जुने टोपो नकाशे वापरणार असाल तर तेही सांगतो. ते एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापनपद्धतीवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. सॉफ्टवेअरला नीट सांगितले नाही तर सगळा गाव बाजूला सरकलेला दिसतो.

अक्षांश-रेखांशाचे एवढे लांब आकडे लिहायचे?

दशांशानंतर पाच घरे लिहा. पाचवे घर म्हणजे साधारण एक मीटर, चौथे म्हणजे अकरा मीटर. त्यापुढचे आकडे फोन दाखवतो, पण तेवढी त्याची कुवत नसते. अंतर-क्षेत्रफळ काढायला मीटरमध्ये चालणारी यूटीएम पद्धत सोयीची: कोकणापासून मराठवाड्यापर्यंत ४३ वा पट्टा, ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, ४४ वा.

रानात फिरून नेमके काय टिपायचे?

सगळ्यांत आधी पाणी. पऱ्या कुठून सुरू होतो, कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, झरा कुठे आहे, डबके मे महिन्यात टिकते का. या एका गोष्टीवर पुढचे सगळे निर्णय अवलंबून असतात. पाण्याची नोंद तारखेसह करा: 'झरा, १० एप्रिल, करंगळीएवढी धार'. पाच वर्षे अशा नोंदी झाल्या की रान सुधारते आहे की सुकते आहे, ते कुणाला विचारावे लागत नाही.

मग जुनी झाडे. छातीच्या उंचीला दोन मीटरपेक्षा जास्त घेर असलेले प्रत्येक झाड स्वतंत्र बिंदू म्हणून घ्या, कारण अशी झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. बेहडा, सातवीण, वड, आंबा. ढोली आहे का, ते लिहा. फळ कधी धरते, ते लिहा. घरातली म्हातारी माणसे ज्या झाडाला नावाने ओळखत होती, ते नावही लिहा. आमच्या नकाशावर 'वाकडा हेद' आणि 'आजीची जांभूळ' आहेत, आणि माझ्या पुतणीला हेच दोन बिंदू आधी सापडतात.

त्यानंतर पायवाटा, गुरांची वाट, बैलगाडीची जुनी वाट, गवताळ कडा, कातळ, दरड कोसळलेली जागा, नवीन फुटवा आलेला भाग, रानमोडीच्या तणाने भरलेला भाग. वाट टिपायची तर ट्रॅक चालू ठेवून चालायचे. एका जागी थांबायचे तिथे बिंदू घ्यायचा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात.

देवराई असेल तर तिची कड टिपण्याआधी गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना विचारा. ती जमीन कागदावर कोणाचीही असो.

झाडे मोजायची कशी? हजारो आहेत.

सगळी मोजायची नाहीत, नमुने घ्यायचे. ५.६४ मीटरची दोरी घ्या, एक टोक मध्ये धरून फिरा: जे वर्तुळ झाले ते बरोबर एक आर. १७.८४ मीटरची दोरी घेतली तर दहा आर. मोठ्या झाडांसाठी मोठे वर्तुळ, रोपे आणि फुटव्यांसाठी लहान. उतारावर दोरी आडवी ताणा, जमिनीला टेकवू नका.

वर्तुळ कुठे घ्यायचे, ते घरी बसून नकाशावर ठरवा. समान अंतरावर ठिपके टाका आणि रानात तिथेच जा, जागा आवडो वा न आवडो. आपण रानात गेलो की पाय चांगल्या झाडांकडे ओढले जातात आणि हिशोब फुगतो. फोन दहा मीटर चुकला तरी इथे काही बिघडत नाही.

घेर १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजा. वनखातेही तिथेच मोजते. उताराच्या वरच्या बाजूला उभे राहून मोजायचे. समजा दहा आरची पाच वर्तुळे केली आणि त्यात मिळून ६० किंजळी सापडल्या. अर्ध्या हेक्टरात ६०, म्हणजे हेक्टरी १२०. आता व्यापाऱ्याशी बोलायला बसा.

उपग्रहाच्या चित्रातून घरबसल्या काय कळते?

बरेच काही, आणि इथेच फसगतही जास्त होते.

युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ पासून फुकट चित्रे देतात. त्यांचा एक चौकोन १० मीटर गुणिले १० मीटरचा. म्हणजे बरोबर एक आर! तुमच्या सातबाऱ्यावरच्या प्रत्येक आराला अवकाशातून एक ठिपका मिळतो आणि तो दर पाच दिवसांनी पुन्हा टिपला जातो. पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात. ऑक्टोबर ते मे चांगले. त्याहून जुना काळ बघायचा तर लँडसॅटची ३० मीटरची चित्रे आहेत, आणि झाडे एकेकटी दिसावीत असे वाटत असेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची चित्रे मागे-पुढे सरकवून बघता येतात. आपल्या इस्रोचे भुवनही आहे.

माझी सगळ्यांत आवडती युक्ती सांगतो. एकाच रानाची दोन चित्रे घ्या, एक नोव्हेंबरअखेरचे आणि एक मार्चअखेरचे. नोव्हेंबरात सगळे हिरवे. मार्चमध्ये पानझडी भाग तपकिरी होतो आणि जे हिरवे उरते ते पऱ्याच्या काठाने शिरांसारखे उठून दिसते. तो सदाहरित भाग तुमच्या रानाचा ओलावा धरून ठेवतो. आमच्या रानात अशी एक हिरवी शीर दिसली, जिथे पऱ्या असल्याचे कुणाला आठवत नव्हते. जाऊन पाहिले तर दगडांखालून पाणी वाहत होते.

आता फसगतीबद्दल. हिरवे म्हणजे रान नव्हे. काजूची बाग मार्चमध्येही हिरवी असते, आंब्याची असते, अकेशियाची लागवडही असते. हिरवेपणाचा निर्देशांक काढणारी ॲपे या सगळ्यांना सारखेच गुण देतात. नैसर्गिक रान तोडून काजू लावला तर निर्देशांक दोन-चार वर्षांत पुन्हा वर येतो आणि आकडा बघणाऱ्याला वाटते रान परत आले. ऑक्टोबरमध्ये सड्यावरचे गवतही हिरवे असते, त्यामुळे त्या महिन्याचे चित्र एकटे कधीच वापरू नका. चित्रात जे दिसले ते पायाने जाऊन एकदा बघायचे, हा आमचा नियम आहे.

वणव्याची सूचना मिळते का?

मिळते. नासाच्या फर्म्स या सेवेवर आपला भाग निवडून ई-मेल पत्ता दिला की जळण दिसताच निरोप येतो, आणि देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था नोंदणी केलेल्यांना एसएमएस पाठवते. पण त्या ठिपक्याचा अर्थ समजून घ्या. त्याचा चौकोन ३७५ मीटरचा आहे, म्हणजे चौदा हेक्टर. आग त्यात कुठेही असू शकते, तुमच्या शेजाऱ्याची भाजावळही असू शकते. आणि हे उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर वरून जातात. चार वाजता लागून सातला विझलेला गवताचा वणवा त्यांना दिसणारच नाही.

त्यामुळे मी सूचनेपेक्षा आधीच्या तयारीला जास्त किंमत देतो. नकाशावर सुके गवत रानाला कुठे भिडते, ती कड लाल रंगाने काढा. तिथेच जाळरेषा हवी. फेब्रुवारीच्या आत गवत कापून पट्टा मोकळा करा. कातळ, पायवाट, पऱ्या यांना जोडून पट्टा घेतला तर मेहनत अर्धी होते, आणि ते कुठे जोडता येतील हे नकाशावर लगेच दिसते. त्याच नकाशाच्या कोपऱ्यात वाडीतल्या चार माणसांचे फोन नंबर लिहून छापील प्रत त्यांच्या घरी द्या. आग लागल्यावर मुंबईत बसलेल्या मालकाचा काही उपयोग नसतो, वाडीतल्या माणसांचा असतो.

ड्रोन घ्यावा का?

दोन-चार हेक्टरांसाठी नको. २०२१ चे ड्रोन नियम वाचल्याशिवाय, तुमची जागा कोणत्या क्षेत्रात येते ते तपासल्याशिवाय उडवूही नका. आणि एप्रिल-मे हा कितीतरी पक्ष्यांचा विणीचा काळ आहे.

तोड करायचीच असेल, तर नकाशाचा काय उपयोग?

सगळ्यांत मोठा. घरात लग्न असते, आजारपण असते, छप्पर पडलेले असते. रान विकणाऱ्याला मी कधी दोष देत नाही. पण तोडायचे तर बघून तोडावे.

स्वतःच्या जमिनीतले झाड असले तरी परवानगी लागते. महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ, चिंच अशी झाडे आहेत. लाकूड हलवायला वाहतूक परवानाही बघावा लागतो. व्यापारी म्हणतो 'ते सगळे आम्ही बघतो'. तुम्ही स्वतःही बघा, कारण सातबाऱ्यावर नाव तुमचे आहे.

नकाशावर आधी काय सोडायचे ते ठरवा: पऱ्याच्या दोन्ही काठांची झाडे, झऱ्याच्या वरचा उतार, तीव्र चढाचा भाग, ढोली असलेली आणि नोंदलेली सगळी मोठी झाडे. मग जे द्यायचे त्याला गेरूने क्रमांक टाका, प्रत्येक क्रमांकाचा बिंदू आणि घेर टिपा, आणि करारनाम्याला ती यादी व नकाशा जोडा. हद्दीपासून दहा-पंधरा मीटर आतच तोड थांबवा. फोनची चूक त्यात सामावते आणि शेजाऱ्याशी वाद उरत नाही. माल ओढायची वाट उताराला आडवी काढायची, सरळ खाली नाही, नाहीतर पहिल्या पावसात तिचा ओहोळ होतो. उंचीच्या रेषा क्यूजीआयएसमध्ये फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीवरून काढता येतात. त्यात एक खोच आहे: दाट रानात उपग्रहाने जमीन म्हणून बऱ्याचदा शेंडेच मोजलेले असतात.

तोडीनंतर पहिल्या पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा त्याच वर्तुळांत जा. ऐन-किंजळीच्या बुंध्यांना फुटवे आले का, ते मोजा. बुंधे जाळले नसतील आणि गुरे आवरली असतील तर येतात.

न तोडता रानातून काही मिळू शकते का?

थोडे, आणि सावकाश. पुण्याची एईआरएफ ही संस्था देवरुख-संगमेश्वर पट्ट्यात मालकांशी संवर्धनाचे करार करत आली आहे. हिरडा-बेहड्याची फळे झाडाला धक्का न लावता गोळा करण्याचे कामही तिने उभे केले. अशा कुणाशीही बोलताना हातात नकाशा असला तर बोलणे वाऱ्यावर राहत नाही. कार्बनच्या नावाखाली तीस-चाळीस वर्षांचे करार घेऊन येणाऱ्यांपुढे मात्र लगेच सही करू नका. मुदत, मोडल्यास दंड आणि तुमच्यानंतर जबाबदारी कुणावर, हे तीन मुद्दे वकिलाकडून वाचून घ्या.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'खाजगी वन' असा शेरा आहे. काय करू?

नकाशा बाजूला ठेवा आणि आधी महसूल व वनखात्याचे कागद काढा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा बऱ्याच जमिनी शासनाकडे गेल्या. हा प्रश्न वकिलाचा आहे. गोव्यातल्या मालकांना खाजगी वन ठरवण्याचे वेगळे निकष लागू आहेत: ७५ टक्के वनवृक्ष, किमान ५ हेक्टर सलग क्षेत्र किंवा सरकारी जंगलाशी सलगता, आणि छत्राची, म्हणजे झाडांच्या शेंड्यांच्या आच्छादनाची, घनता ०.४ पेक्षा कमी नसणे.

नकाशा व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवू का?

पूर्ण नकाशा नाही. यात मी फार कडक आहे आणि तुम्हीही असावे.

धनेशाची मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर तिला आठवडेच्या आठवडे फळे आणून भरवतो. त्या ढोलीचा ठिपका गटावर पडला की पुढच्या रविवारी कॅमेरे घेऊन माणसे येतात. खवल्या मांजराचे बीळ तर त्याहून जोखमीचे, कारण त्याची तस्करी होते. चंदनाचे आणि खैराचे बिंदूही तसेच. आमच्याकडे दोन नकाशे आहेत: एकात हद्द, वाटा, पाणी, जाळरेषा, जो कुणालाही द्यावा; दुसऱ्यात बाकी सगळे, जो घरातल्या तिघांकडेच आहे. फोटो पाठवतानाही जपा. फोनमध्ये जागेची नोंद चालू असेल तर ती फोटोच्या आत बसलेली असते आणि मूळ फाइल पाठवली की सोबत जाते. बंद करून मगच पाठवा.

नऊ हिस्सेदार, सात मुंबईत. नकाशावर एकमत कसे करायचे?

हिश्शांची रेघ नकाशावर काढू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. रेघ आली की चर्चा रानाची राहत नाही. आधी पाणी आणि झाडे दाखवा. आम्ही गणपतीत सगळे घरी असताना भिंतीवर मोठी छापील प्रत लावली आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवली. पाच दिवसांत अकरा नवीन नावे लिहिली गेली. काकूंनी लहानपणी जिथे रातांबे वेचायला जात असत, ती जागा दाखवली. ती आमच्या कुठल्याच बिंदूत नव्हती.

हे सगळे जपून कसे ठेवायचे?

ॲपच्या आत ठेवू नका. ॲप बंद पडते, फोन बदलतो. बिंदू आणि ट्रॅक जीपीएक्स किंवा केएमएल फाइलमध्ये बाहेर काढा. या साध्या मजकुराच्या फाइली आहेत, नकाशाचे जवळपास कोणतेही सॉफ्टवेअर त्या उघडते. फाइलच्या नावात गट क्रमांक आणि तारीख घाला. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या भावंडाकडे असू द्या. वर्षातून एकदा नकाशा कागदावर छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि सातबाऱ्याच्या नकलांसोबत त्याच पेटीत ठेवा. आमच्या पेटीत आता २०१९ पासूनचे छाप आहेत. सर्वांत वर गेल्या मे महिन्याचा आहे, त्यावर काकूंच्या हातची एक पेन्सिलीची फुली आहे आणि शेजारी लिहिले आहे: रातांबे, चार झाडे, अजून उभी.